रंगाखाली काय होते, हे कुणी विचारणार आहे का?

पांबनच्या नव्या रेल्वेपुलाविषयी आजवर जितक्या विज्ञानवार्ता वाचल्या, त्यांतील बहुतेकींत दोन वाक्ये हटकून आढळतात. पहिले असे की, हा परिसर जगातील दुसऱ्या क्रमांकाचा गंजकारक प्रदेश असून पहिला मान अमेरिकेतील मायामीचा. दुसरे असे की, पुलाला ‘पॉलीसिलॉक्सेन’ नावाचा विशेष लेप दिलेला असल्यामुळे तीन दशकांहून अधिक काळ त्याला देखभाल लागणार नाही. पहिल्या वाक्याला मोजमापाचा आधार नाही. दुसरे वाक्य अर्धेच आहे, आणि गाळलेला अर्धा भागच अधिक महत्त्वाचा आहे. विज्ञानाच्या नावाखाली ही दोन वाक्ये लाखो विद्यार्थ्यांपुढे पुनःपुन्हा ठेवली जातात. त्यांपैकी कित्येक जण ती स्पर्धापरीक्षेसाठी पाठही करतात. म्हणून हा थोडा लांबलेला आणि थोडा चिडलेला मजकूर.

आधी पहिल्या वाक्याचा निकाल लावू. एखाद्या ठिकाणची हवा लोखंडाला किती खाते, हे मोजण्याची पद्धत ठरलेली आहे. साध्या पोलादाची पट्टी वर्षभर उघड्यावर टांगायची, मग गंज काढून तिचे वजन करायचे आणि घटलेल्या वजनावरून किती जाडी झिजली ते काढायचे. ‘आयएसओ ९२२३’ या मानकात या झिजेवरून वातावरणाचे वर्ग पाडले आहेत. वर्षाला २५ ते ५० मायक्रोमीटर झीज झाली तर सी-३, ५० ते ८० झाली तर सी-४, ८० ते २०० झाली तर सी-५, आणि त्याहीपुढे ७०० पर्यंत सीएक्स. मानकात वर्ग आहेत, शहरांचे क्रमांक नाहीत. पांबन अत्यंत गंजकारक आहे याबद्दल वाद नाही. दोन्ही बाजूंनी समुद्र, वर्षभर खारा वारा आणि उष्ण, दमट हवा असल्यावर दुसरे काय होणार! पण ‘दुसरा क्रमांक’ म्हणताच वाचकाच्या मनात एक गुणतक्ता उभा राहतो. कुणी मोजले, कोणत्या वर्षी, किनाऱ्यापासून किती अंतरावर, हे प्रश्न तिथेच मिटतात. किनाऱ्यापासून शंभर मीटर आत गेले तरी मिठाचे प्रमाण झपाट्याने घटते. मग ‘मायामी’ म्हणजे नेमके कुठले? समुद्राला लागलेले की विमानतळाजवळचे?

यातील खरी खंत वेगळी आहे. कारैकुडीची केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था ही १९४८ मध्ये पायाभरणी झालेली आपली संस्था. पांबनच्या अगदी अलीकडे, मंडपम येथे, तिचे सागरी गंजाच्या अभ्यासाचे केंद्र आहे. भारताचा गंजनकाशाही तिनेच तयार केला. म्हणजे मायक्रोमीटरमध्ये मोजणारी माणसे पुलापासून हाकेच्या अंतरावर बसलेली आहेत आणि वार्ता मात्र मायामीचा दाखला देते. मी वेलचेरीत राहते. एका बाजूला पल्लिकरणैला राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था, दुसऱ्या बाजूला तरमणीला सीएसआयआरचा मद्रास परिसर. समुद्र पाच-सहा किलोमीटरवर. गंजाविषयी देशातील इतके ज्ञान इतक्या कमी अंतरात क्वचितच एकवटले असेल. तरीही गल्लीतला रंगारी माझ्या सज्जाच्या जाळीवर तारेचा ब्रश दोनदा फिरवतो, वर रेड ऑक्साइड मारतो, आणि पुढच्या पावसाळ्याआधी रंगाखालून तपकिरी फोड वर येतात. त्याचा दोष नाही. त्याला कुणी सांगितलेलेच नाही. ज्यांना सांगितले गेले आहे, ते काय करतात हा प्रश्न आहे.

आता दुसरे वाक्य. पांबनच्या तुळयांवर जस्ताचा धातुफवारा, त्यावर इपॉक्सीचा थर आणि सर्वांत वर पॉलीसिलॉक्सेन अशी योजना आहे. योजना उत्तम आहे. पण वार्ता सुरू होते रंगापासून, आणि लेपाचे आयुष्य ठरते त्याच्या आधीच.

रोलिंग मिलमधून आलेले पोलाद ‘स्वच्छ’ नसते. तापवून लाटताना त्यावर निळसर काळ्या ऑक्साइडची कडक खपली बसते. कारखान्यात तिला मिल स्केल म्हणतात. ती दिसायला इतकी घट्ट आणि चकचकीत असते की अननुभवी माणूस तिच्यावरच रंग मारील. पण ती ठिसूळ आहे. पोलाद तापले-निवले की ती तडकते. विद्युतरासायनिकदृष्ट्या ती पोलादापेक्षा ‘उच्च’ असल्यामुळे तडकलेल्या जागी उघडे पडलेले पोलादच आधी खाल्ले जाते, आणि खपली वरच्या रंगासकट निघून येते. म्हणून ती पूर्णपणे काढावी लागते. शिवाय खालचा पृष्ठभाग खडबडीतही करावा लागतो. जस्ताचा तप्त थेंब पोलादावर आदळून चपटा होतो आणि तिथल्या खाचांत गोठतो. त्याची पकड मुख्यतः या खाचांवर असते, रासायनिक बंधांवर नव्हे. खाचांची खोली साधारण पन्नास ते शंभर मायक्रोमीटर हवी आणि त्या टोकदार हव्यात. गुळगुळीत पोलादावर जगातील सर्वोत्तम जस्त फवारले तरी ते पापुद्र्यासारखे सुटून येईल.

हे दोन्ही एकाच वेळी साधण्याचा मार्ग म्हणजे कठीण कणांचा मारा. सुमारे सात बार दाबाच्या हवेने कण नोझलमधून पोलादावर फेकायचे. अर्ध्या मिलिमीटरचा पोलादी ग्रिटचा कण सुमारे अर्धा मिलिग्रॅम भरतो. सेकंदाला शंभर मीटर वेग धरला तर त्याची ऊर्जा अडीच मिलिज्यूल. ही ऊर्जा नगण्य वाटते. पण ती केसाच्या जाडीएवढ्या टिंबावर, मिलिसेकंदाहून पुष्कळ कमी वेळात ओतली जाते. खपली फुटते, पोलादात खळगा पडतो, कण उसळून परततो. असे कोट्यवधी आघात झाले की पोलाद करड्या-पांढऱ्या रंगाचे, मंद चमकीचे दिसू लागते. ते दृश्य मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा प्रयोगशाळेतील निर्वात पेटीची आठवण झाली. आमच्याकडे एखादा पातळ थर बसवायला चाळीस मिनिटे लागतात आणि ज्यावर तो बसवायचा ती चकती स्वच्छ करायला अख्खा दिवस जातो. शोधनिबंधात मात्र स्वच्छतेला एक ओळ मिळते. तेव्हा वार्ताहरांवर रागावण्याआधी आम्ही वैज्ञानिकांनीही आपल्या घरात पाहावे.

या स्वच्छतेलाही मानके आहेत. ती मूळ स्वीडनची आहेत. पुढे ती ‘आयएसओ ८५०१-१’ मध्ये आली, आणि आपल्याकडे ‘आयएस ९९५४’ मध्येही सचित्र मानक आहे. एसए १, एसए २, एसए अडीच, एसए ३ अशा श्रेण्या छायाचित्रांशी ताडून ठरवतात. धातुफवाऱ्यासाठी निदान एसए अडीच तरी हवी, आणि समुद्राजवळ एसए ३ मागितली तर त्यात अतिरेक नाही. पण इथेच एक सापळा आहे आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी तो लक्षात ठेवावा: ही श्रेणी डोळ्यांनी ठरते आणि मीठ डोळ्यांना दिसत नाही.

लखलखीत, एसए ३ दर्जाच्या पोलादाच्या खळग्यांतही क्लोराइड बसलेले असू शकते. जहाजांच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००६ मध्ये जे लेपमानक स्वीकारले, त्यात विद्राव्य मिठाची मर्यादा चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम ठेवली आहे. एक छोटा चमचा, म्हणजे पाच ग्रॅम मीठ शंभर चौरस मीटरवर समान पसरले की ही मर्यादा गाठली! रंगाचा थर पाण्याला पूर्ण अभेद्य कधीच नसतो, वाफ हळूहळू आत शिरतेच. आत मीठ असेल तर त्याचे द्रावण होते आणि परासरणाचा दाब सुरू होतो. समुद्राच्या पाण्याचाच परासरण दाब सुमारे २७ बार असतो, संपृक्त द्रावणाचा त्याच्या कितीतरी पट. रंगाचा फोड हा त्या दाबाचा फुगा असतो. शिवाय क्लोराइड गंजण्याच्या प्रक्रियेत संपत नाही. एका ठिकाणी लोह विरघळवून ते मोकळे होते आणि पुन्हा कामाला लागते.

त्यात चेन्नईची, पांबनची हवा! शुद्ध मीठ ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला पाझरू लागते, तर सागरी मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांनाच. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर मिठाचा कण वर्षातील जवळपास प्रत्येक तास ओलाच असतो. रंगकामाचा सर्वमान्य नियम असा की पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंशांनी अधिक हवे आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत हवी. हवा २७ अंशांवर आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू सव्वाचोवीसच्या आसपास येतो, म्हणजे पोलाद सव्वासत्तावीसच्या वर हवे. रात्रभर आकाशाकडे उष्णता टाकत बसलेली तुळई पहाटे त्याच्या खालीच असते. मारा करून उघडे केलेले पोलाद अशा हवेत काही तासांत पिवळसर होऊ लागते. त्यामुळे पहिला थर त्याच दिवशी, कधी कधी त्याच पाळीत चढवावा लागतो. पाऊस आला, कॉम्प्रेसर बंद पडला, रंगाचा माणूस आला नाही, असे काहीही झाले तरी पुन्हा पहिल्यापासून मारा. हे काम कंटाळवाणे आणि खर्चिक आहे, आणि अखेरीस कुणालाही न दिसणारे आहे. रंग चढला की पुरावा झाकला जातो.

पांबनच्या पुलावर हे काम वाईट झाले, असे मी म्हणत नाही. नोव्हेंबर २०२४ च्या तपासणीनंतर रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी काढलेल्या त्रुटींत गंजरोधक उपायांविषयीही आक्षेप होते. रेल्वे मंत्रालयाने पुलाच्या बांधणीचे समर्थन केले. ६ एप्रिल २०२५ रोजी पूल खुला झाला. माझा आक्षेप वार्तेवर आहे. या वादात कोण बरोबर, हे वाचकाला ठरवता येईल असा एकही आकडा तिच्यात नव्हता. माऱ्यानंतरच्या पृष्ठभागाची श्रेणी, खाचांची खोली, मिठाचे मोजमाप, लेपाची पकड तपासणाऱ्या चाचणीचे निकाल यांपैकी काहीही नाही. होते ते एक लांबलचक रासायनिक नाव. नाव जितके लांब, तितकी वार्ता वैज्ञानिक, असा आपला समज दिसतो.

इथवर मजकूर पोलादाचा झाला. आता माणसाचा.

काही वर्षांपूर्वी लेपाच्या पकडीची चाचणी घेण्याच्या निमित्ताने चेन्नईच्या उत्तरेकडील एका बांधकाम-आवारात गेले होते. आवाराचे नाव महत्त्वाचे नाही, अशी आवारे देशभर आहेत. ताडपत्रीचा आडोसा होता आणि त्यामागे धुळीचा ढग. ढगात एक माणूस खांद्यावर होज घेऊन उभा होता. डोक्यावर कापडी टोप, त्याला काच. ताजी हवा पुरवणारी नळी नव्हती. तोंडाला ओला गमछा. बाजूला ढीग होता. मुकादमाला विचारले, हे काय वापरता? तो सहज म्हणाला, “मणल दान, मॅडम.” वाळूच की! गार्नेट महाग पडते, पोलादी ग्रिट उघड्यावर गोळा करता येत नाही, आणि निविदेतसुद्धा ‘सँड ब्लास्टिंग’च लिहिले आहे. त्याचे शेवटचे कारण खोटे नव्हते. आपल्या कित्येक निविदांत हा शब्द आजही जसाच्या तसा छापला जातो, आणि शब्दाने दिलेली परवानगी माणूस घेतो. मी माझी चाचणी केली, आकडे टिपले, परत आले. अहवालात पकडीचे आकडे होते, ढगाविषयी एक अक्षर नव्हते. ते माझ्या कामाच्या कक्षेत नव्हते, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले.

वाळूत गैर काय, हे भौतिकीच्या विद्यार्थ्याला दोन गणितांत कळेल. पोलादी कण उसळतो, पुन्हा गोळा करून तो कितीतरी वेळा वापरता येतो. वाळूचा कण आदळताच फुटतो. पाच मायक्रोमीटरचा सिलिकाकण स्थिर हवेत सेकंदाला दोन मिलिमीटर वेगाने खाली बसतो. डोक्याच्या उंचीवरून जमिनीवर यायला त्याला सुमारे पाव तास लागतो. एक मायक्रोमीटरच्या कणाला कित्येक तास. म्हणजे फवारा थांबतो, माणूस टोप काढतो, तिथेच डबा उघडतो, आणि ढग अजून तिथेच असतो, फक्त दिसत नाही. आता दुसरे गणित. अमेरिकेने २०१६ मध्ये श्वसनीय सिलिकाची मर्यादा घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम केली. अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा एक कण सुमारे ०.१७ मिलिग्रॅम भरतो. तो एकच कण पूर्ण भुकटी होऊन हवेत मिसळला तर साडेतीन घनमीटर हवा मर्यादेला पोचते. एका होजमधून तासाला काही शे किलो वाळू जाते. तीनशे किलो धरा आणि तिचा केवळ सहस्रांश भाग श्वसनीय धूळ झाला असे माना. साठ लाख घनमीटर हवा बिघडवायला तो पुरेसा आहे.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती माझ्या विषयाच्या फार जवळची आहे. नुकताच उघडा केलेला पृष्ठभाग अत्यंत क्रियाशील असतो. म्हणून तर माऱ्यानंतरचे पोलाद रंग घट्ट धरते आणि म्हणूनच ते काही तासांत गंजतेही. नेमके हेच फुटलेल्या सिलिकाकणाचे आहे. ताज्या भंगावर तुटलेले बंध असतात, आणि अशी ताजी धूळ जुन्या, निवलेल्या धुळीपेक्षा फुप्फुसाला अधिक घातक ठरते. तिथल्या भक्षक पेशी कण गिळतात आणि मरतात, कण सुटतो, दुसरी पेशी त्याला गिळते. त्या जागी व्रणाची गाठ बनते. या रोगाचे नाव सिलिकोसिस. त्यावर इलाज नाही. तो क्षयरोगाला दार उघडून देतो, आणि आपल्याकडे अनेकदा क्षय म्हणूनच नोंदला जातो. नोंद क्षयाची झाली की कारण उरत नाही आणि भरपाईही उरत नाही.

हे सारे नवीन आहे का? मुळीच नाही. अमेरिकेत टिल्घमन यांनी वाळूच्या फवाऱ्याचे पेटंट १८७० मध्ये घेतले. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी ओतीव व इतर वस्तूंच्या सफाईसाठी सिलिकायुक्त वाळूचा फवारा बंद केला. तुर्कस्तानात जीन्सचे कापड ‘जुने’ दिसावे म्हणून वाळूचा मारा करीत, त्यात तरणीताठी मुले सिलिकोसिसने गेली आणि २००९ मध्ये तिथे बंदी आली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला रोग म्हणून नोंदलेला होता, आणि अनेक राज्यांच्या कारखाना नियमांत सिलिकायुक्त पदार्थाचा फवारा वापरण्यास मनाई करणारे कलमही होते. पण ताडपत्रीचा आडोसा म्हणजे कारखाना नव्हे, होज धरणारा माणूस कंत्राटदाराच्या उपकंत्राटदाराचा, आणि तो दोन वर्षांनी ओडिशातील किंवा बिहारमधील आपल्या गावी खोकत असेल तेव्हा चेन्नईतील कोणत्या वहीत त्याचे नाव सापडणार?

‘गरीब देशाला पोलादी ग्रिट परवडत नाही’ हे उत्तर मला अनेकदा ऐकवले जाते, कधी कधी सुशिक्षितांकडूनही. त्याचा उपहास पाहायचा तर पांबनहून किनाऱ्याने दक्षिणेकडे जावे. तूत्तुकुडी, तिरुनेलवेली, कन्याकुमारीच्या किनाऱ्यावरची लालसर वाळू म्हणजे गार्नेट. या कामासाठी जगभर नावाजलेले, जड, कठीण आणि मुक्त सिलिका नाममात्र असलेले खनिज. ते येथून जहाजे भरून परदेशी जात असे. म्हणजे तिकडच्या कामगाराच्या फुप्फुसाची काळजी आमच्या किनाऱ्याने घेतली आणि आमच्या कामगारासाठी नदीची वाळू! त्या खाणकामात गैरव्यवहार झाले, किनारे ओरबाडले गेले आणि २०१३ मध्ये तमिळनाडू सरकारने ते थांबवले, हा वेगळा विषय आहे आणि ते थांबवणे मला योग्यच वाटते. पण निर्यात चालू होती तेव्हाही ‘परवडत नाही’ हेच उत्तर होते, हे विसरू नये. शिवाय पर्याय एकच नाही. कारखान्यात चाकाने ग्रिट फेकणारी बंदिस्त यंत्रे आहेत, प्रत्यक्ष जागेवर अतिउच्च दाबाचे पाणी वापरता येते. पाणी खाचा पाडत नाही, पण जुन्या पुलाच्या आधीच्या खाचा उघड्या करते आणि मीठही धुऊन नेते. वाळू स्वस्त पडते, कारण तिच्या किमतीतला मोठा भाग कुणा अनोळखी घराच्या खात्यात टाकला जातो.

आणि मग लेसर! गेल्या काही वर्षांत प्रत्येक विज्ञानप्रेमी गटात ती चित्रफीत किमान महिन्यातून एकदा येते: गंजलेल्या साखळीवरून प्रकाशाची रेघ फिरते आणि लोखंड चांदीसारखे उजळते. खाली ‘वाळूचे युग संपले’. लेसरने गंज निघतो हे खरे आहे. गंज प्रकाश शोषतो, उघडे पोलाद तो बराचसा परतवते, त्यामुळे नॅनोसेकंदांच्या स्पंदांनी वरचा थर उडवता येतो आणि धातू शाबूत राहतो. संग्रहालयातील तोफ किंवा साच्यांचे नाजूक भाग यांसाठी ते वरदान आहे. पण मोठ्या पुलाच्या हजारो चौरस मीटरांसाठी त्याचा वेग अपुरा आहे, धातुफवाऱ्याला लागणाऱ्या टोकदार खाचा ते सहसा पाडत नाही, आणि उडालेला गंज व जुना रंग धूर होऊन कुणाच्या तरी नाकात जातोच. जुन्या रंगात शिसे असेल तर तेही. चित्रफितीतला माणूस बहुधा मुखवट्याविना असतो. आमचे वाचक तीवर हृदये उधळतात.

मराठी वाचकांना पांबन लांबचे वाटत असेल तर जवळच्या गोष्टी आठवाव्यात. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा झाला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्याच्या सहाच दिवस आधी सार्वजनिक बांधकाम विभागाने नटबोल्ट गंजत असल्याचे पत्राने कळवले होते. गंज हे त्या दुर्घटनेचे एकमेव कारण नव्हते, सांगाडा आणि वेल्डिंग यांविषयीही गंभीर प्रश्न निघाले. पण आपल्यापुढे आला तो वारा, ताशी ४५ किलोमीटरचा. त्या वेगाच्या वाऱ्याचा गतिज दाब दहावीचा विद्यार्थीही काढू शकतो. सेकंदाला साडेबारा मीटर वेग म्हणजे सुमारे ९४ पास्कल, चौरस मीटरला साधारण साडेनऊ किलो वजनाइतका. किनाऱ्यावर वर्षानुवर्षे उभी राहायची वस्तू याच्या कितीतरी पट दाबासाठी रचायची असते. हे गणित किती विज्ञानपानांनी छापले? पुढच्या वर्षी, १५ जून २०२५ रोजी, तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला आणि चार माणसे गेली. तिथे ‘गर्दी’ हे कारण पुढे आले. गर्दी होतीच. पण माल्यवान वारा आणि बेशिस्त गर्दी यांना नोटीस बजावता येत नाही, म्हणून ती कारणे सर्वांना सोयीची असतात. गंजाची बातमी मात्र तारखेवार लिहिता येते: कधी दिसला, कुणी कळवले, कुणी वाचले.

शाळेच्या पुस्तकातही हीच उणीव आहे. धातूंच्या क्षरणावरचे उपाय आपण पाठ केले: रंग देणे, तेल लावणे, जस्तविलेपन, कल्हई. रंग ‘कशावर’ द्यायचा, हे वाक्य तिथे नाही. जगाच्या एकूण उत्पन्नाच्या ३.४ टक्क्यांएवढे नुकसान गंजामुळे होते, असा एक बहुचर्चित अंदाज २०१६ चा आहे. अंदाजच तो, त्याला फार चिकटून बसू नये. पण त्याच्या निम्मे नुकसान धरले तरी विषय एका परिच्छेदाच्या लायकीचा खचितच आहे.

या मजकुराखाली मला ठाऊक असलेला प्रतिवाद येईल: सामान्य वाचकाला मिलिग्रॅम आणि मायक्रोमीटर नको असतात, त्याला गोष्ट हवी असते. चांद्रयानाच्या उतरणीचा वेग, इंधन, अंतर हे आकडे याच वाचकाने तोंडपाठ केले होते. त्याला आकडे नको असतात, हे आपण आपल्या आळसासाठी ठरवले आहे.

तेव्हा विज्ञानवार्ता लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींना आणि उद्या लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना एक मागणे. पुढच्या वेळी एखाद्या पुलाच्या, पुतळ्याच्या किंवा जहाजाच्या उद्घाटनाच्या पत्रकात लेपाचे नाव आले की उलट टपाली चार प्रश्न पाठवा. लेपाआधी पृष्ठभागाची श्रेणी कोणती होती आणि ती कुणी तपासली? चौरस मीटरला मीठ किती मोजले? मारा कशाचा केला? आणि तो करणाऱ्यांच्या छातीचे क्ष-किरण चित्र शेवटचे कधी काढले, ते कुठे ठेवले आहे? उत्तर आले तर छापा. आले नाही तर प्रश्न छापा, तारखेसह. मीही त्या आवाराला, उशिरा का होईना, तिसरा आणि चौथा प्रश्न गेल्या सोमवारी पाठवला आहे.